सत्तावन्न ते साठ

१९ सप्टेंबर, मंगळवार

बाई,

"आधी आकडे घाल, मग वाच. वाचल्यावर माणसाचा हात प्रामाणिक राहत नाही."

हे तुम्ही मला म्हणालात तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि माझ्या पुढ्यात दवाखान्यातल्या जुन्या जन्मनोंदींचं बाड होतं. मी उत्साहाने वाचायलाच बसले होते. तुम्ही माझ्या हातून बाड काढून घेतलंत, पेन्सिल पुढे केलीत आणि हे वाक्य बोललात. आज ते सकाळपासून डोक्यात फिरतंय. पण त्याच्याकडे येते मागाहून. आधी तुमची विचारपूस.

गुडघा कसा आहे? तुमची भाची म्हणत होती की नवीन डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे आणि तुम्ही रोज दोनदा गच्चीवर जाता. तुम्हाला कुणी नाही म्हटलं की तुमचे पाय आपोआप बरे होतात, हे त्या डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवं. माझं ठीक आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय. लेक यंदा कॉलेजात गेली, इतिहास घेतला नाही. "आई, तुझ्या अंगाला जुन्या कागदांचा वास येतो," म्हणते. खरंच येतो. गेले चार महिने तर तुमच्याच कागदांचा.

तुम्ही विभागाच्या संग्रहाला दिलेली सगळी खोकी उघडून झाली. एकूण एकतीस. सूची जवळजवळ तयार आहे. पहिल्या खोक्यात तुमचं नेमणुकीचं पत्र सापडलं, त्यात "श्री." छापलेलं आहे आणि कुणीतरी शाईने त्यापुढे "मती" जोडलंय. विभागातली पहिली बाई. त्यांच्याकडे छापील कागदसुद्धा नव्हता तुमच्यासाठी. खुर्चीही नव्हती. वर्षभर तुम्ही शिक्षकांच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर बसलात, आणि पुढे खुर्ची मिळाली तरी तिच्यावर पिशवी ठेवून कट्ट्यावरच बसत राहिलात. आम्ही मुली तुम्हाला मागे "खिडकीवाल्या बाई" म्हणायचो. तुम्हाला माहीत होतं, हेही आम्हाला माहीत होतं.

रजेच्या लढ्याचे कागद सहाव्या खोक्यात आहेत. आठव्या महिन्यात वर्गात उभं राहून शिकवल्याची तुमची नोंद वाचली: "आज फळ्याच्या वरच्या भागापर्यंत हात पोचला नाही. खालीच लिहिलं." एवढंच. तुमच्यानंतर ज्या बायकांना रजा मिळाली त्यात मीही आहे. तुमच्या त्या खाली लिहिलेल्या ओळींवरच माझी लेक जन्मली, असं म्हटलं तरी चालेल.

हे सगळं लिहिते आहे, कारण पुढचं लिहिताना मी हे विसरले असं तुम्हाला वाटू नये.

बुधवार

काल इथेच थांबले. आज सरळ लिहिते.

चौदाव्या खोक्यात, बायकांच्या तक्रारी ऐकायला तुम्ही काढलेल्या आपल्या मंडळाच्या सभांची वही आहे. निळ्या कापडी बांधणीची, जाड. आठवतेय ना? तीन वर्षं तिच्यात मीच लिहायचे. तुम्ही मला चिटणीस म्हणायचात, "काय चिटणीस, झालं का लिहून, की अजून वेलांट्याच काढतेयस?" वही कोरी आणली त्या दिवशीच तुम्ही माझ्याकडून तिच्या प्रत्येक पानाला पेन्सिलीने आकडा घालून घेतलात. मी कुरकुरले, कोऱ्या वहीला कशाला? तर म्हणालात, "कोऱ्या वहीलाच तर. उद्या आपल्यालाच आपली लाज वाटली तर?" आणि शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शाईने एकूण पानं लिहून दोघींनी सह्या केल्या.

परवा वही चाळत होते. छप्पन्न पानापर्यंत माझे आकडे. सत्तावन्नपासून आकडा तुमच्या हातचा. तुमचा पाच मला हजारात ओळखू येईल, त्याची शेपटी खालच्या ओळीत शिरते. त्या पाचाखाली, उजेडात तिरकं धरलं की, खोडलेला एकसष्ट दिसतो. माझा.

मी वही घेऊन खाली बाइंडरकाकांकडे गेले. तुम्ही त्यांना ओळखता, तुमच्या वेळी ते नुकतेच लागले होते. त्यांनी बोट शिवणीत घालून पाहिलं.

"ताई, फाटलं नाहीये हे. कापलंय. ब्लेडनं."

"पक्कं?"

"चाळीस वर्षं हेच करतोय, फाटलेलं आणि कापलेलं मला कळणार नाही? दोन पानं, पाठपोट धरून चार. कड अजून पांढरी आहे, म्हणजे अलीकडचंच. आणि हात काय सफाईचा हो! पट्टी लावून कापलंय. असा माणूस मला हाताखाली मिळाला असता तर मी कधीच पेन्शनीत गेलो असतो."

मी हसले. खरं सांगते बाई, मी हसले. मग वर येऊन दाराला कडी लावून बसले.

तुम्हाला फोन केला तो त्यानंतर. मी फक्त विचारलं होतं, मंडळाच्या वहीत मधली काही पानं दिसत नाहीत, तुम्हाला काही कल्पना आहे का?

"अगं, वाळवी लागली असेल."

"वाळवी सरळ रेषेत खात नाही, बाई."

"मग भिजली असतील. घर बदलताना काय कमी हाल झाले का त्या खोक्यांचे! तू सूचीवर सही कर बघू. कार्यक्रम तोंडावर आलाय. कशाला जुनं उकरत बसतेस?"

बाई, आपल्या दोघींचं पोट उकरण्यावरच चाललं की हो आजवर. हे वाक्य बाकी कुणीही म्हणालं असतं तर तुम्हीच त्याला दारापर्यंत पोचवून आला असतात.

त्या चार पानांवर काय होतं, ते जगात आता चौघींना ठाऊक आहे. त्यातल्या वकीलताई बोलण्याच्या अवस्थेत नाहीत, परिचारिकाबाई मुलाकडे दूरदेशी असतात. उरलो तुम्ही आणि मी. मजकूर मला पाठ आहे. "सभेस चार सभासद हजर. एका विद्यार्थिनीची तक्रार विचारात घेण्यात आली. विद्यार्थिनीचे म्हणणे असे की, विभागप्रमुखांनी प्रबंध तपासण्याच्या निमित्ताने तिला तीन वेळा खोलीत बोलावून दार लावून घेतले." पुढे तीन तारखा होत्या. पुढे काय झालं तेही होतं, तुम्हीच सांगितलंत, "सगळं लिही, गाळू नकोस." मी गाळलं नाही. अक्षर मात्र एकदाही हललं नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

स्वतःची तक्रार मी तिसऱ्याच कुणाची असल्यासारखी लिहिली. "एक विद्यार्थिनी." चिटणीसच ती, आणखी काय करणार?

ठरावाच्या जागी लिहिलं होतं: "निर्णय पुढील सभेपर्यंत स्थगित." सभा संपल्यावर तुम्ही मला कट्ट्यावर शेजारी बसवलंत. तिथे तुम्ही कधीच कुणाला बसवत नसायचात. माझा हात हातात घेऊन म्हणालात, "जूनपर्यंत थांब. जूनमध्ये मोठे सर निवृत्त होतात. त्यांच्या शिफारशीशिवाय ती खुर्ची मला मिळणार नाही, आणि खुर्ची मिळाल्याशिवाय मला कुणासाठीच काही करता येणार नाही. एकदा बसू दे. पहिलं काम तुझं."

मी थांबले. तुम्ही म्हणालात म्हणून मी आगीवरही थांबले असते.

निरोपाच्या समारंभात त्याच विभागप्रमुखांचं, मोठ्या सरांचं मानपत्र वाचायला तुम्ही मला उभं केलंत. मी नाही म्हटलं. तुम्ही हळूच म्हणालात, "तू वाचलंस तर कुणाला शंकाच येणार नाही." मी वाचलं. "विद्यार्थ्यांवर पितृवत प्रेम" असं एक वाक्य त्यात होतं. त्यावर टाळ्या झाल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

जून आला. तुम्ही खुर्चीवर बसलात. त्या इमारतीतल्या पहिल्या विभागप्रमुख बाई. पहिलं काम झालं ते बायकांच्या स्वच्छतागृहाचं. दुसरं रजेच्या नियमाचं. मग पाच वर्षांत सहा बायकांच्या नेमणुका, त्यातली तिसरी माझी. एकही काम खोटं नव्हतं, बाई. मी प्रत्येक वेळी स्वतःला समजावलं, आता पुढचं माझं. मग केव्हातरी समजावणं थांबलं. तुम्ही त्यावर पुन्हा कधी बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. तुम्ही माझं लग्न जुळवलंत, लेकीचं नाव सुचवलंत. इतकं सगळं दिल्यावर माणूस ते एक कसं मागणार?

माझाही वाटा आहे यात. तो लपवत नाही. गेल्या वर्षी तुमचं आत्मचरित्र आलं, त्याची मुद्रितं मीच तपासली. एक अनुस्वार सुटू दिला नाही. त्यात तुम्ही लिहिलंय, "आमच्या मंडळाकडे आलेली एकही तक्रार आम्ही कधी बासनात गुंडाळली नाही." त्या वाक्यावर माझी पेन्सिल थांबली, आणि पुढे गेली. मला वाटलं, बाई थकल्यात. विसरल्या असतील. विसरणं मी समजू शकते. रात्रंदिवस लढणाऱ्या माणसाच्या हातून एखादी मुलगी निसटते, हेसुद्धा.

पानं कापलीत, तेही एक वेळ समजून घेतलं असतं. आकडे बदललेत ते समजून घेता येत नाही.

कारण नुसती पानं कापली असती तर छप्पन्ननंतर एकसष्ट आला असता. पुढे कुणी शोधणारी मुलगी आली असती, तर तिला तेवढं तरी कळलं असतं की इथे काहीतरी होतं. माझ्या वाट्याला निदान एक भोक आलं असतं. पण तुम्ही रबर घेऊन बसलात आणि एकसष्टपासून एकशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत एकशे अठ्ठावीस आकडे खोडून पुन्हा लिहिलेत. ऐंशीव्या वर्षी, दुखरा गुडघा घेऊन, टेबलाशी. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. किती दिवस लागले? मधे चहा झाला का? भाचीने विचारलं असेल, "मावशी, काय करतेस?" तुम्ही काय सांगितलंत?

आणि तुमच्या आवडत्या चिटणीसला हे कळणार नाही असं तुम्हाला वाटलं. की कळलं तरी ती पुन्हा एकदा वाचून दाखवेल, असं?

गुरुवार

मुद्द्याचं लिहायचं राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनखोलीला तुमचं नाव दिलं जाईल. ते द्यायलाच हवं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मानपत्र मी वाचावं असं समितीने काल कळवलं. मी नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा घसा बसलाय म्हटलं. आयुष्यात एक मानपत्र पुरे.

सूचीच्या शेवटी "कागदपत्रे पूर्ण आहेत" असं वाक्य असतं आणि त्याखाली माझी सही. ती मी करणार नाही. तिथे "पाने ५७ ते ६० नाहीत" असं लिहीन. हे तुमच्या परवानगीसाठी विचारत नाही, फक्त सांगते आहे.

सोबत एक पिवळी चिठ्ठी पाठवते आहे. तुम्हाला ती ओळखीची आहे, ही पद्धत आमच्यात तुम्हीच आणली. जिथलं पान नाही तिथे ही चिठ्ठी ठेवायची: काय होतं, कधीपासून नाही, कुणी काढलं. त्या दवाखान्याच्या विश्वस्तांनी सुईणींच्या अंगठ्याच्या ठशांची पानं काढून टाकली होती, तेव्हा अशाच चिठ्ठीवर सही घेण्यासाठी तुम्ही दोन दिवस त्यांच्या व्हरांड्यात जाऊन बसलात. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी होते. ते तुमच्यावर ओरडले, "बाई, मेलेल्या बायकांच्या अंगठ्यांचं एवढं काय?" तुम्ही म्हणालात, "मेल्यात म्हणूनच मला बसावं लागतंय. त्या असत्या तर स्वतः आल्या असत्या." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी सही केली.

मी तुमच्या व्हरांड्यात येऊन बसणार नाही. तेवढी ताकद नाही आणि तुम्हाला गच्चीवरून खाली बघताना मला बघवणार नाही.

एक गोष्ट मात्र राहून राहून मनात येते. शेवटच्या पुठ्ठ्यावर शाईत "एकूण पाने १८८" तसंच आहे, आपल्या दोघींच्या सह्यांसकट. वहीतला तुमचा शेवटचा आकडा १८४. इतक्या सफाईच्या हाताने हे एवढं कसं राहिलं? विसरलात, की ठेवलंत? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. कागदावरून सांगता येत नाही, आणि कागदावर नसलेलं सांगायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत.

चिठ्ठीतल्या पहिल्या दोन ओळी मी भरल्या आहेत. काय होतं, ते माझ्या नावासकट लिहिलंय, चोवीस वर्षांत पहिल्यांदा. तिसरी ओळ कोरी आहे. पानं तुमच्याकडे असतील असं मला वाटत नाही, ती मी मागत नाही. माफीही मागत नाही. ती तुम्ही इतकी सुंदर लिहाल की मला रडू येईल, आणि मी पुन्हा थांबेन.

भाचीकडून वाचून घेऊ नका, भिंग घेऊन स्वतः वाचा. आणि "कुणी काढलं" यापुढे तुमचं नाव तुमच्या हाताने लिहून चिठ्ठी परत पाठवा. तुम्ही लिहिणार नाही, हे मला तुमच्या फोनवरच्या आवाजावरून कळलंय. तरी मागते आहे. जूनमध्ये मागायचं राहिलं होतं.

एक विद्यार्थिनी