कोंबडीचे दात

सर, आज औषधाच्या दुकानातल्या मुलाने मान वर न करता मला ‘आउट ऑफ स्टॉक’ म्हटलं आणि मला माझाच तरुणपणीचा आवाज ऐकू आला. घरी येऊन वही उघडली. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी लिहिताना धाकधूक आहे की तुम्ही अक्षराला नाव ठेवाल.

तुमच्या वर्गात खाडीचा वारा यायचा आणि तुम्ही डोळे मिटून कविता म्हणायचात. अशाच एका दुपारी तुम्ही फळ्यावर लिहिलंत, अ‍ॅज स्केअर्स अ‍ॅज हेन्स टीथ. “कोंबडीचे दात पाहिलेत कधी? तितकी दुर्मीळ वस्तू!” ते वाक्य खडीसाखरेसारखं तोंडात घोळवत मी घरी गेलो होतो.

पुढे मॅट्रिक होऊन वडिलांच्या किराणाच्या दुकानात गादीवर बसलो. लढाईचे दिवस, सगळ्याचीच टंचाई, त्यात गावभर हिवताप. एका दिवेलागणीला तुम्ही येता. पायरीशी चपला काढून उभे आहात, उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळताय. “घरी हिचा ताप उतरत नाही रे. क्विनीनच्या चार गोळ्या मिळतील?”

बाटली माझ्या पाठीमागच्या पेटीत होती, मिठागराच्या कंत्राटदारासाठी दाबून ठेवलेली. वडिलांनी नुकताच दिवा लावून हात जोडले होते. त्या वेळेला गादीवरून ‘नाही’ म्हणायचं नाही, ‘संपलं’ तर मुळीच नाही, असा आमचा रिवाज. मीठ संपलं तरी आम्ही ‘वाढलं’ म्हणायचो. वडिलांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. तुमच्या डोळ्यांत बघून मराठीत खोटं बोलायला माझी जीभ उचलेना. इंग्रजीत उचलली. “सर, क्विनीन इज अ‍ॅज स्केअर्स अ‍ॅज हेन्स टीथ.”

सुकापूरची एक म्हातारी घासलेटची बाटली घेऊन शेजारी उभी होती. “मास्तर, काय बोलला यो?” तुम्ही अर्थ सांगितलात. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “कोंबरीला नसतील दात, पन शेटला हायेत ना!” वडील मोठ्याने हसले. तुम्ही हसला नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्याच तापात काकू गेल्या. त्यानंतरही तुम्ही आमच्याकडूनच साखर नेलीत, फक्त मला ‘अरे’चं ‘अहो’ केलंत. त्यापेक्षा छडी परवडली असती. कंत्राटदार त्या गोळ्या न्यायला आलाच नाही. बाटलीत त्या पिवळ्या पडल्या.

हे पत्र वहीतच राहील, कुठे टाकणार? एवढं मात्र कबूल करतो. त्या दिवशी पायरी उतरताना तुम्ही वळून म्हणाला होतात, “शाबास, लक्षात ठेवलंस.” सगळं कळून म्हणालात की न कळता, ते मला अजून उमगलेलं नाही. पण तिकडे काकू तापाने फणफणत होत्या, आणि इकडे ती शाबासकी मी जेवताना घरी दोनदा सांगितली.