शेजारच्या घराच्या खांबांची फेरतपासणी होणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
किनारी इमारत तपासणी कक्ष,
जिल्हा कार्यालय, मुख्यभूमी.

अर्जदार : कु. इंकेन मेल्फसेन, इयत्ता आठवी,
राहणार पूर्वटेकाड, हालिग सुडरहॉर्न.

विषय : शेजारच्या घराची विक्रीपूर्व तपासणी पुन्हा, आणि या वेळी किनाऱ्यावरची घरे ठाऊक असलेल्या माणसाकडून, होण्याबाबत.

संदर्भ : १) श्री. रोटमुंड, इमारत तपासनीस, कासल, यांचा सदर घराबाबतचा अहवाल.
२) आपल्या कार्यालयातील बाईंशी फोनवर झालेले बोलणे, ज्यात त्या म्हणाल्या, "बाळ, लेखी दे."

महोदय,

वरील संदर्भ क्र. २ ला अनुसरून अर्जदार लेखी देत आहे. अर्ज लांबला आहे याची अर्जदारास कल्पना आहे. शाळेच्या बाई श्रीमती टाडसेन यांनी तो वाचून दोन वाक्ये काढायला सांगितली होती. अर्जदाराने एक काढले आहे.

१. आमच्या बेटाला बांध नाही; अशा बिनबांधाच्या सखल बेटालाच हालिग म्हणतात. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा लागला की समुद्र कुरणांवरून चालत येतो आणि फक्त टेकाडे वर उरतात, हे आपणांस सांगायला नको, पण श्री. रोटमुंड यांना कोणीतरी आधी सांगायला हवे होते. पूर्वटेकाडावर घरे दोनच. एक अर्जदाराचे, दुसरे श्रीमती थेक्ला ब्रोडरसेन यांचे, ज्यांना अर्जदार जन्मापासून थेक्लामावशी म्हणते. मावशींचे गुडघे गेले, म्हणून वसंत ऋतूत त्या मुख्यभूमीवर मुलाकडे राहायला गेल्या आणि घर विक्रीस काढले. उन्हाळ्याच्या शेवटी दुसऱ्या टेकाडावरचे नामेन आणि बांडिक्स हे दोघे भाऊ पुढच्या शिक्षणासाठी वसतिगृहात गेले. तेव्हापासून बेटाच्या शाळेत अर्जदार हीच पहिली, हीच शेवटची आणि मधलीही तीच आहे. पुस्तकात जिथे "गटात चर्चा करा" असे येते तिथे टाडसेनबाई दुसरा गट होतात. त्या बहुतेक वेळा अर्जदाराशी सहमत होतात, त्यामुळे चर्चा लवकर संपते.

२. ऑगस्टमध्ये डेगेनहार्ट कुटुंब समुद्रापासून फार दूरच्या कासल शहराहून घर पाहायला आले. आई, वडील, सात वर्षांचा यास्पर आणि तेरा वर्षांची मेर्ले. मोठी माणसे नळ सोडून पाहत होती तेवढ्यात मेर्लेने बैठकीच्या खोलीतला भिंतीतला पलंग शोधून काढला. कपाटासारखी दारे असलेला, जुन्या घरांत असतो तो. ती आत शिरली, दारे ओढून घेतली आणि आतून म्हणाली, "ही माझी खोली. यास्परला सांगू नकोस." मग ओहोटीला दोघी चिखलात गुडघाभर गेल्या. मेर्लेचा एक बूट तिथेच राहिला. ती जाताना म्हणाली, "राहू दे, मी येणारच आहे परत." यावरून कुटुंबाचा विचार पक्का होता असे अर्जदारास वाटते.

३. घर घेण्याआधी ते जाणकाराकडून तपासून घ्यावे हे योग्यच आहे, याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. तक्रार अशी की श्री. डेगेनहार्ट यांनी जाणकार कासलहूनच आणला. त्यांचे म्हणणे, "आमच्या घराची तपासणी त्यानेच केली होती, माणूस खात्रीचा आहे." कासलच्या घरासाठी तो खात्रीचाच असणार. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्जदाराच्या वडिलांनी, म्हणजे श्री. हार्क मेल्फसेन यांनी, त्यांना मुख्यभूमीपासून समुद्रातून येणाऱ्या भरावावरच्या रुळांवरून आपल्या छोट्या मोटारगाडीतून आणले. रुळांच्या दोन्ही बाजूंना पाणी पाहून ते पूर्ण रस्ता टोपी धरून बसले होते. माणूस वाईट नव्हता. अर्जदाराने त्यांना शिडी धरली आणि त्यांनी तिला भिंतीतली ओल मोजायचे यंत्र हातात धरू दिले.

४. आता मुख्य मुद्दा. थेक्लामावशींच्या घराचे छप्पर भिंतींवर टेकलेले नाही. ते भिंतींच्या आत, भिंतीपासून थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या ओकच्या खांबांवर आहे. अर्जदाराचेही घर तसेच आहे. श्री. रोटमुंड या खांबांभोवती दोनदा फिरले. त्यावेळचे बोलणे अर्जदार जसेच्या तसे देत आहे, कारण सगळा घोळ तिथे झाला.

"घर छान आहे हो, पण उभं कशावर आहे तेच कळेना."

"खांबांवर," वडील म्हणाले.

"मग भिंती कशासाठी?"

"वारा अडवायला."

"आणि पाणी आलं तर?"

"तर भिंती जातील. छप्पर राहील. आपण छपरात बसायचं."

श्री. रोटमुंड यांना हसू आवरेना. त्यांनी वडिलांच्या पाठीवर थाप मारली आणि "तुम्ही किनाऱ्यावरची माणसं म्हणजे" असे काहीतरी म्हणाले. अर्जदाराचे वडील विनोद करत नाहीत. पण त्यांनी समजावूनही सांगितले नाही, कारण एकदा सांगितलेले ते पुन्हा सांगत नाहीत. एवढ्यात वारा पश्चिमेकडून वाहू लागला, आणि रूळ पाण्याखाली जाण्याआधी पाहुण्यांना परत पोहोचवायचे म्हणून तपासणी अर्ध्यात आटोपली.

५. अहवालात पुढील गोष्टी गंभीर दोष म्हणून लिहिल्या आहेत. "छप्पर व भिंती यांचा सांधा नाही, बांधकाम अपूर्ण सोडल्यासारखे दिसते." अपूर्ण नाही, तीनशे वर्षे ते असेच पूर्ण आहे. "भिंतींत कमरेपर्यंत खारट ओल." हे खरे आहे. समुद्र तिथपर्यंत आला होता आणि मग गेला. आणि वरच्या मजल्यावरची, जमिनीत खोल रोवलेल्या स्वतःच्या वेगळ्या खांबांवरची काँक्रीटची खोली : "प्रयोजन अस्पष्ट, परवानगी तपासावी." महोदय, प्रयोजन असे की तिच्यात बसून जिवंत राहायचे. ती सरकारनेच बांधायला लावली होती, आणि आपल्याच विभागाचा माणूस दरवर्षी तिच्या पायऱ्या पाहून जातो. त्याला आमच्याकडे सुकी मासळी आणि बटाटे फार आवडतात.

६. अहवाल कासलला पोहोचला (एक प्रत आमच्याकडेही आली) आणि मेर्लेचा फोन आला. ती म्हणाली, "आई म्हणते, असल्या घरात कोंबड्या ठेवतात, माणसं नाही." अर्जदार म्हणाली, "कोंबड्या आमच्याकडे वेगळ्या घरात असतात." मेर्ले म्हणाली, "तुझ्याच बाबांनी सांगितलं ना, भिंती जातात म्हणून? माझ्या बाबांनी अहवालातलं ते वाक्य आईला वाचून दाखवलं आणि आईने अहवाल मिटून ठेवला." बँकही म्हणते की किनारी तपासणी कक्षाचे पत्र आल्याशिवाय कर्ज नाही. म्हणून हा अर्ज आपल्याकडे.

७. दरम्यान हांबुर्गचे एक गृहस्थ घर पाहून गेले. त्यांना कर्जही नको आणि अहवालही नको. "वर्षातून दोनदा येऊ, फार तर तीनदा," असे ते वडिलांना म्हणाले. मग बैठकीच्या मधोमध उभे राहून त्यांनी एका खांबावर हात आपटला. "हे सगळे काढले की काय मोकळं होईल." गाडीत बसताना वडील एवढेच म्हणाले, "काढू नका." गृहस्थ म्हणाले, "शोभेचेच आहेत ना पण?" थेक्लामावशींचा फोन रविवारी असतो. त्या म्हणाल्या, "इंके, मला पोरांचा आवाज हवाय गं त्या घरात. पण मुलगा रोज मागे लागतो, किती थांबायचं?" नाताळाआधीचे चार रविवार एकेक मेणबत्ती लावतात, त्यांतल्या पहिल्या रविवारपर्यंत त्या थांबणार आहेत.

८. गेल्या आठवड्यात पाणी आले. दुपारचे चार वाजले होते पण अंधार पडला होता. आमच्याकडे अशी रीत आहे की पाणी कुरणावर चढले की प्रत्येक घर वरच्या खिडकीत दिवा ठेवते. मग समोरचे घर दिवा एकदा खाली-वर करते, म्हणजे आम्ही ठीक आहोत. मावशी हे काम कधी चुकल्या नाहीत. एकदा तापात असताना त्यांनी काठीला दिवा बांधून हलवला होता. या वेळी वडील गाडी बांधून ठेवायला गेले होते. अर्जदाराने दिवा ठेवला आणि खाली-वर केला. समोर खिडकी होती, पण तिच्यात आपलाच दिवा दिसत होता. अर्जदाराने तो पुन्हा एकदा हलवून पाहिला. हे वाक्य टाडसेनबाईंनी काढायला सांगितले होते. विषयाशी त्याचा संबंध नाही असे त्यांचे मत आहे.

९. येथपर्यंतचा अर्ज मागच्या शुक्रवारीच तयार होता. पण अहवाल इतक्या वेळा वाचल्यावर तपासणी कशी करतात ते अर्जदारास आता येऊ लागले आहे. लाकडावर ठोकून आवाज ऐकायचा. शंका आली तर टोकदार वस्तू घालून पाहायची. श्री. रोटमुंड यांनी हे चांगले समजावून लिहिले आहे. म्हणून शनिवारी अर्जदार किल्ली घेऊन एकटीच मावशींच्या घरात गेली. घाईत जे राहिले ते पाहावे, आणि "सर्व खांब उत्तम" असे वाक्य अर्जात घालावे, असा बेत होता. खांब एकेक करून ठोकले. टणक, घंटेसारखा आवाज. मग वायव्येचा खांब राहिला. तो भिंतीतल्या पलंगाच्या मागे आहे. श्री. रोटमुंड यांनी त्या पलंगाची दारे उघडलीच नव्हती. त्यांना ते कपाट वाटले असावे. अर्जदार आत शिरली, मागची फळी सरकवली आणि ठोकले. आवाज पावावर ठोकल्यासारखा आला. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावा लागला नाही.

अर्जदाराने फळी लावली, दारे बंद केली, घरी आली आणि जेवली. वडिलांनी विचारले, "काय झालं?" अर्जदार म्हणाली, "काही नाही." एका खांबाबद्दल कोणालाही कळण्याचे कारण नव्हते. डेगेनहार्ट यांनी आपल्या कक्षाच्या पत्रावर विश्वास ठेवला असता आणि आपण अर्जदाराच्या अर्जावर. नाताळापर्यंत मेर्ले इथे आली असती आणि त्या खांबापासून हातभर अंतरावर डोके ठेवून झोपली असती.

१०. रविवारी सकाळी अर्जदाराने वडिलांना नेऊन खांब दाखवला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला आणि "हं" म्हणाले. वरून पाणी झिरपत होते, छपराच्या गवताची एक जागा विरली आहे, त्यामुळे झाले. छपराला टेकू देऊन हा एक खांब बदलता येतो. त्यांच्या वडिलांनी आमच्याकडे एक बदलला होता. मग ते म्हणाले, "कासलच्या लोकांना सांगणार आहेस?"

"सांगू का?"

"अर्ज तुझा आहे."

अर्जदाराने मेर्लेला फोन केला आणि सगळे सांगितले. मेर्ले म्हणाली, "म्हणजे माझ्याच पलंगामागे?" अर्जदार म्हणाली, "हो." मेर्ले म्हणाली, "बरं. आईला सांगते." त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. वारा असला की आमच्याकडे फोन नीट लागत नाही, हे कारण असू शकते. या आठवड्यात वारा नव्हता.

११. सबब विनंती पूर्वी होती ती बदलून आता अशी आहे. आपल्या कक्षातील, हालिगवरची घरे आतून-बाहेरून ठाऊक असलेला तपासनीस पाठवावा. त्याने चांगले खांब चांगले लिहावेत आणि सडलेला सडलेला लिहावा. अर्जदारास बरे वाटेल म्हणून काही सौम्य करू नये. छप्पर भिंतींवर का टेकलेले नाही हे त्याने अशा शब्दांत लिहावे की कासलमध्ये स्वयंपाकघरात बसून वाचणाऱ्या आईला ते विनोदी वाटणार नाही. पत्र थेट डेगेनहार्ट कुटुंबास पाठवावे. त्यांनी "नको" म्हटले तरी अर्जदार अर्ज मागे घेणार नाही. मग तेच पत्र हांबुर्गच्या गृहस्थांना पाठवावे आणि त्यात खांबांना हात लावू नये असे स्पष्ट बजावावे. घर रिकामे राहणार असले तरी ते उभे राहायला हवे. समोर काहीतरी असावे.

१२. सोबत घराचा आराखडा जोडला आहे (खांब लाल, सडलेला काळा). सडलेल्या खांबाचा तुकडा चहाच्या डब्यात घालून वेगळा पाठवत आहे. कृपया डबा परत करण्याची तसदी घेऊ नये.

१३. तपासनिसांनी येताना जाड मोजे आणावेत. वडील त्यांना रुळांच्या टोकावरून घेऊन येतील. पाण्यामुळे मुक्काम करावा लागला तर अंथरूण तयार आहे, आणि कोणी पत्ते खेळणारा असल्यास फारच उत्तम, कारण दोघांत पत्त्यांचे बरेच खेळ जमत नाहीत. येण्याची वेळ आधी कळवली नाही तरी चालेल. अर्जदार घरीच असते.

आपल्या उत्तराकडे आणि रुळांकडे लक्ष ठेवून असलेली,

इंकेन मेल्फसेन
पूर्वटेकाड, हालिग सुडरहॉर्न
दि. २१ नोव्हेंबर