हुंकार बंद

३ जुलै १९७८, सोमवार
वाडीत बालवाडी सुरू. गोपाळरावांनी आपल्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमागची खोली फुकट दिली, दिवाळीपर्यंत. तोवर पोरं बोलती झाली तर खोली कायम. नाहीतर मी त्यांच्याच ऑफिसात ट्रकच्या मालाच्या बिल्ट्या लिहायला बसायचं, असं त्यांचं आणि बाबांचं ठरलंय. बाबांना माझी मेथड माहीत नाही.
मुलं अकरा, ड्रायव्हर-हमालांची. त्यात चार वर्षांची शामला, एक अक्षर बोलत नाही. तिला मी चॅलेंज म्हणून घेतलं.

४ जुलै
तक्ता करून भिंतीवर लावला. डावीकडे नावं, वर तारखा, चौकोनात त्या दिवशीचे शब्द. शामला: शून्य. शून्यापासून सुरुवात बरी. प्रोग्रेस स्वच्छ दिसते.

७ जुलै
शाळेतलं माझं पिक्चर बुक मराठीत सांगितलं. बर्फात हरवलेलं अस्वल. मुलं दर वाक्याला "हं", "हं" करतात. सारखं इंटरप्शन. लिसनिंग म्हणजे शांतता. नियम केला: गोष्ट चालू असताना तोंडावर बोट. हुंकार बंद.
प्रयागबाई (झाडलोट, खिचडी, नाकं पुसणे) म्हणाली, "हुंकार नाही त गोठ कोनाले सांगून राहिले जी मास्तर? भिंतीले?"
बाई मनानं चांगली आहे. ट्रेनिंग नाही.

१९ जुलै
शांतता उत्तम. वर्गाचे एकूण शब्द मात्र रोज कमी. मुलं शब्द आत साठवून राहिली आहेत. एक दिवस सगळे एकदम बाहेर येतील.

२ ऑगस्ट
शेअरिंगचा धडा. रंगीत खडू मध्ये ठेवले, म्हटलं शेअर करा. लाल खडू विश्वनाथनं खाल्ला. मग "हिरवा" म्हणाला. तक्त्यात एक शब्द मांडला.

१६ ऑगस्ट
प्रयागबाई खोलीबाहेरच्या ओसरीत तांदूळ निवडताना गोष्ट सांगते. सावनेरच्या बसमध्ये चढलेली बकरी. प्रत्येक वाक्याला पोरांचा हुंकार. नाही दिला तर ही गप्प. मध्येच विचारते, "मंग काय झालं असन?" आणि सगळे एकदम ओरडतात. डिसिप्लिन नाही.
शामलाही "हं" म्हणाली. तक्त्यात घेतलं नाही. हं हा शब्द नाही. स्टँडर्ड खाली आणायचं नाही.

११ सप्टेंबर
शामला ओसरीत म्हणाली, "बकरी खिडकीपाशी बसन." तीन शब्द. पण ओसरी म्हणजे वर्ग नाही. शून्य.

२० ऑक्टोबर
उद्या गोपाळराव पाहायला येणार. तयारी पूर्ण. बाबांनी नवीन पेन आणून ठेवलं, बिल्ट्यांसाठी. मी त्यानं बालवाडीचा रिपोर्ट लिहीन.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ
अस्वल सांगितलं. अकरा तोंडांवर अकरा बोटं. अस्वल सापडलं तरी कोणी हललं नाही.
गोपाळरावांनी विचारलं, "काय गा पोट्टेहो, अस्वलाचं काय झालं?"
बोटं तशीच.
"बोलती करतो म्हनला होता ना? हे त होते ते बी मुके केले!" हे मला. मी लिसनिंग समजावायला लागलो.
तेवढ्यात प्रयागबाई पदराला हात पुसत आली. "थांबा जी. पोट्टेहो, बकरी बसमंदी चढली."
बोटं खाली. "हं!"
"कंडक्टर म्हने, तिकीट दाखव."
"हं!"
शामला उभी राहिली. "तिनं तिकीट खाल्लं! अन् मंग टोपी खाल्ली! अन् मंग सावनेर आलं!"
गोपाळरावांनी डोळे पुसले, हसून. माझ्या हिशेबानं अकरा शब्द, रिपीट धरून.
खोली कायम. शिकवायला प्रयागबाई. म्हणजे प्रोजेक्ट यशस्वी.

६ नोव्हेंबर, सोमवार
बिल्ट्या लिहायला बसलो. पेन चांगलं चालतं. ऑफिसची खिडकी ओसरीकडेच उघडते.
दुपारी सुपरविजनसाठी म्हणून तिकडे गेलो. शामलानं मला समोर बसवलं आणि गोष्ट सुरू केली. एक मास्तर होता. मी शांत ऐकलं, आदर्श म्हणून. ती तिथेच थांबली.
"काहून गप बसला गा? हं म्हन ना. नाहीतर गोठ पुढं नाही जात."
म्हटलं.
तक्ता अजून भिंतीवर आहे. खाली माझं नाव लिहिलं, आजची तारीख टाकली. हं हा शब्द धरत नाही.
शून्य.