गावपळणीतल्या तीन नळ्या

पुणे, ता. २६ नोव्हेंबर

ती. नर्मदाआतेस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं ‘होय गो’ म्हणतेस आणि मग आपल्या मनाचं करतेस, म्हणून लिहून पाठवते.

खोक्यात काचेच्या बारा नळ्या आहेत. तुझ्या वांग्यांना मर लागलीय, तिचे जिवाणू खोडात भरलेले असतात. २ डिसेंबरपासून रोज सकाळी अकराला एक झाड काप. कापावर पांढरट चिकट थेंब येतील, ते काडीने नळीत घे, बूच लाव, तारीख लिही. नळीतलं औषध जिवाणूंना आहेत तसे थांबवतं. हातमोजे घाल, वास घेऊ नको.

मला पाहायचंय त्यांच्याभोवतीचं आवरण. ते चरबीचं असतं आणि झाड सुकून जिवाणूंची उपासमार सुरू झाली की त्या चरबीची घडण बदलते. ती कोणत्या दिवशी बदलते हे बाराही दिवस मिळाले तरच कळेल. १५ जानेवारीला अहवाल द्यायचा आहे. दोन वर्षांत हाती काही लागलेलं नाही. याही वेळी नाही लागलं तर मार्चला शिष्यवृत्ती बंद. हे आईला सांगू नको.

काकांना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.
किशोरी

आचरा, ता. ३० नोव्हेंबर

चि. किशोरीस,
अ. उ. आ.

खोकं पोचलं, एकही नळी फुटली नाही. तुझे काका वाडीभर सांगत सुटलेत की आमची भाची पुण्यात बसून वांग्यांचो पू तपासता. लग्नाचं विचारलं तर म्हणे आधी जिवाणूंची पत्रिका जुळूंदे.

पण बाय, एवढी शिकलीस आणि यंदा गावपळण हे विसरलीस? ८ तारखेला दुपारी सगळा गाव गुरं-कोंबड्या घेऊन वेशीबाहेर जाणार. तीन रात्री व्हाळाच्या पाण्यापलीकडे झोपड्यांत. ११ ला देवाचा कौल मिळाला की परत. तोवर गाव भुताखेतांचा, माणूस दिसता नये. झाडांना पाणी नाही. मग नऊ, दहा, अकराच्या नळ्यांचं काय करू?

जेवत जा. फोटोत गळ्याची हाडं दिसतात.
तुझी आते

पुणे, ता. ४ डिसेंबर

ती. आतेस,
शि. सा. न. वि. वि.

गावपळण मी हिशेबात धरली नव्हती. चूक माझी. त्या तीन नळ्या रिकाम्याच पाठव. पाण्याविना झाडं त्याच तीन दिवसांत मान टाकतील, म्हणजे मला हवं ते तेव्हाच घडेल. पण इलाज नाही. चुकीच्या नळीपेक्षा रिकामी नळी बरी. अंदाजाने काही भरू नको.

जेवते.
किशोरी

पुणे, ता. २१ डिसेंबर

ती. आतेस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. बाराही नळ्या भरलेल्या आहेत.

मी सगळ्या तपासल्या. ८ पर्यंत आवरण जसंच्या तसं आहे. ९ ला बदल सुरू होतो, ११ ला पूर्ण होतो. आलेख इतका स्वच्छ आहे की आमच्या सरांनी तो भिंतीवर लावला. त्या तीन नळ्यांचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तू ८ लाच तीन झाडं कापून झोपडीत नेलीस का? कापून ठेवलेल्या खोडातही जिवाणू उपाशी राहतात, त्यामुळे आलेखावरून मला हे ओळखता येत नाही. मी रागावलेली नाही. पण खरं काय ते कळल्याशिवाय यातलं काहीच वापरता येणार नाही. एक ओळ लिही.

किशोरी

आचरा, ता. २६ डिसेंबर

चि. किशोरीस,
अ. उ. आ.

आमच्याकडे फोन म्हणजे सगळ्या वाडीने ऐकायचा, म्हणून पत्र.

मी गेले होते. तिन्ही दिवस. कपडे धुवायला जाते म्हणून व्हाळावर जायचे आणि तशीच पलीकडे चढायचे. अकराला झाड कापायचं, नळी भरायची, परत. भुतांची भीती वाटली नाही, माणसांची वाटली. तिसऱ्या दिवशी परतताना शेजारच्या जानकीने बघितलं. कपडे सुके कशे गो, एवढंच विचारलंन. तेव्हापासून बोलत नाही.

त्याच दुपारी कौल लागला नाही. पूर्ण गावाला एक रात्र जास्त काढावी लागली. एका झोपडीत तापलेलं बाळ होतं. कोणी पाय ठेवला काय गावात, असं म्हाताऱ्यांनी दोनदा विचारलं. मी मान खाली घालून तांदूळ निवडत बसले. १२ ला सकाळी कौल लागला. बाळ बरं आहे, पण माझी झोप गेली.

तू आकडे लिही, तारखा तेवढ्या लिहू नको. जानकीच्या लेकीने, रियाने, कॉलेजसाठी तुझा अहवाल मागितलाय ना? ती वाचील आणि घरात सांगेल.

काकांना यातलं ठाऊक नाही. माया पातळ करू नको.
आते

पुणे, ता. २ जानेवारी

ती. आतेस,
शि. सा. न. वि. वि.

तारखेशिवाय आकडा देता येत नाही. खोटी तारीख मी लिहिणार नाही आणि खरी लिहिली तर गावात तू उघडी पडशील. म्हणून त्या तीन नळ्या अहवालातून काढते आहे. नऊ ठिपके उरतात आणि मधे खिंडार. त्यातून काही सिद्ध होत नाही. सरांना सांगितलं की या तीन नळ्यांची खात्री मी देऊ शकत नाही. त्यांनी आलेख भिंतीवरून काढला.

मी तिथे असते तर गेले नसते. तू गेलीस, तेही माझ्यासाठी.

मार्चमध्ये घरी येईन. आईला मीच सांगेन.
किशोरी

आचरा, ता. ८ जानेवारी

चि. किशोरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. ते उठून खुंटीपाशी गेले. मग म्हणाले, टोपी घालतंय, चल. देवळात चार म्हाताऱ्यांपुढे मी सगळं सांगितलं, तारखेवार. एक जण खूप बोलला. शिकलेल्या भाच्यांपायी गावाचे रिवाज मोडणार काय, म्हणून. शेवटी नारळ ठेवला, माझ्या नावाने देवाला माफीचं गाऱ्हाणं घातलं. बाळाच्या आईच्या मी पाया पडले. ती पाय मागे घेऊन आत निघून गेली. ते तसंच राहणार.

पण किशोरी, गाव रिकामा कसा दिसतो हे आमच्यात कोणालाच ठाऊक नाही. मी एकटीने पाहिलाय. पाणंदीत आता बायका मला गाठतात. आधी दोन शब्द ऐकवतात, मग इकडेतिकडे बघून विचारतात, माझ्या अंगणात काय होतां गो? काल जानकी आली. चहा अर्धा झाल्यावर म्हणाली, माझां दार लागलेलां होतां मां? मी म्हटलं, लागलेलं होतं, आणि तुझ्या पायरीवर एक मोर बसलेला. ती रडायलाच लागली.

तू तिन्ही तारखा लिही. खाली माझं नाव घाल. पंधराच्या आत हे पत्र पोचावं म्हणून काका स्वतः मालवणला टाकायला निघालेत, बाहेरून हाका मारतायत.

आशीर्वाद आहेतच.
तुझी नर्मदाआते