पाचर आईला, माडी वहिनीला

...आणि तरीही दादाचं एकच पालुपद, की चूक माझीच होती. ठीक आहे. चूक माझी, हात माझा, तर मागे जे उरेल तेही माझंच, आणि ते कुणाला द्यायचं हेही मीच ठरवणार. भांडून भांडून माझा घसा बसला, त्याचा कान काही उघडला नाही. म्हणून आता लिहून देतो. लिहिलेलं दादालाही मानावं लागतं. त्याने लिहिलेल्या दोन ओळी मी पाच महिने मानतोच आहे की.

मी, शेवटी सही करणारा, वय सव्वीस, शिक्षण चौथी पास आणि पाचवीत सहामाहीपर्यंत, धंदा प्रेसवर पत्र्याच्या डब्यांची झाकणं पाडणं, सध्या त्याच कारखान्यात झाडू मारणं, आज रविवारी सकाळी लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. ताप नाही, नशा नाही, कुणाचा धाक नाही. राग आहे. पण राग म्हणजे वेड नव्हे, असं फ्यूज म्हणतो. फ्यूज म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरचा वायरमन. कायद्याचे शब्द त्याचे आहेत, बाकीचे माझे. अक्षर वेडंवाकडं आहे ते मनामुळे नाही, डाव्या हातामुळे.

सव्विसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, असं आई म्हणेल. आई, उद्यापासून मला परत सात नंबरच्या प्रेसवर उभं करतायत. ऑर्डर वरून आली, पण वाचून दाखवली ती फोरमनने, म्हणजे आपल्या दादाने. "झाडूला अर्धा पगार. पूर्ण हवा असेल तर सात नंबर, नाहीतर गेट उघडं आहे." उजवा गेला तेव्हा लिहायला डावा उरला. डावाही गेला तर काय दातात पेन धरून लिहू?

हे मृत्युपत्र मी मरायची वाट न बघता वाचावं. वहिनींनी वाचावं, आईने ऐकावं. मी मेल्यावर वाचलं तर भांडायला मी नसेन, मग त्यात मजा काय?

माझ्या मालकीचं स्थावर एक, जंगम थोडं, वैर एक. त्याची व्यवस्था येणेप्रमाणे.

कलम एक. घरावरची माडी. खालच्या दोन खोल्या बाबांच्या, त्यात मी बोलत नाही. वरची माडी मात्र माझ्या झाकणांवर उभी आहे. तेव्हा माडी, तिचा जिना आणि जिन्याखालची मोरी, सगळ्या हक्कांसह वहिनींच्या एकटीच्या नावाने. दादाच्या नाही, दोघांच्याही नाही. दादा सुट्टीवर घरी आला तर त्याने जिन्यात चपला काढाव्यात, दार वाजवावं, आणि "येऊ का?" असं विचारावं. वहिनींनी लगेच हो म्हणू नये, ही माझी शेवटची इच्छा समजावी. कारण विचाराल तर, हात गेला त्या आठवड्यात फोनवर सगळ्यांनी विचारलं की भरपाई किती मिळेल. वहिनींनी एकट्यांनी विचारलं, "भाऊजी, दुखतंय का हो?"

दुखतं, वहिनी. नसलेली बोटं जास्त दुखतात.

कलम दोन. विमा. ह्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आईला कळणार नाही की माझ्या मरणाला भाव आहे आणि बोटांना का नाही.

दोन वर्षांपूर्वी पगाराच्या दिवशी बराकीत एक विमा एजंट यायचा. छत्री, काळी पिशवी, आणि तोंडात सगळी अभद्र भाषा. आम्ही त्याला कावळा म्हणायचो. तो म्हणायचा, "पोरांनो, तुम्ही मरणाला घाबरता. मरण सोपं आहे. माणूस अर्धा राहतो ना, ते महाग पडतं. आणि तुम्हाला वाटतं अपघातानेच माणूस घरी बसतो? आधी पाठ जाते. मग गुडघे, खांदे. मग छाती, कान, डोळे. कुणाचं डोकंच काम करेनासं होतं. अपघात कुठेतरी खाली. पगार बंद पडला तर दरमहा पैसे देणारी पॉलिसी घ्या."

आम्ही हसलो. माझं हसू मात्र अर्ध्यात थांबलं, कारण आमचे बाबा त्याच्या यादीत पहिल्याच नंबरला होते. सुतार माणूस, बेचाळिसाव्या वर्षी एक कपाट उचलताना पाठीत काहीतरी कट्‌ झालं, आणि पुढची नऊ वर्षं ते खाटेवरून आम्हाला मोठं होताना बघत राहिले. बाबा म्हणायचे, "गेलेल्याला लोक चार दिवस रडतात. बसलेल्याला मांजरसुद्धा ओलांडून जातं." माझी शाळा सुटली ती त्या कपाटापायी.

मी सही करायला पेन काढलं होतं. दादाने ते माझ्या हातातून घेतलं. "येडा आहेस का? एवढा हप्ता! ती दुसरी घे, मेल्यावर देणारी. तिचा हप्ता चहापाण्याएवढा." वर कावळ्याला म्हणाला, "आम्ही दोघं भाऊ एकाच शॉपमध्ये आहोत काका. तो बसला तर मी आहे, मी बसलो तर तो आहे. आम्हाला कसला विमा?" ह्या वाक्यावर मी विरघळलो. फॉर्मही दादानेच भरला. वारसाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं.

ते नाव रद्द. विम्याची सगळी रक्कम आईला, आईनंतर वहिनींना. वारस बदलायचा अर्ज काल दिला, पोच जोडली आहे. मी उद्या प्रेसखाली पुरा गेलो तरी दादाला माझ्या मरणातून चहासुद्धा मिळू नये. आणि एजंटकाकांना कावळा म्हणालो ते परत घेतो. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही.

कलम तीन. हातमोजे. कारखाना हातमोजे जोडीने देतो. डावे मी वापरतो. उजवे सात, कोरे, ट्रंकेत उजव्या कोपऱ्यात आहेत. सातही दादाला. घालून बघावेत, चांगले बसतात.

कलम चार. ट्रंक, पांघरूण, रेडिओ आणि इस्त्री फ्यूजला. इस्त्री त्यानेच बिघडवली आहे.

कलम पाच. पाचर.

आई, आता नीट ऐक. वहिनी, हे कलम हळू वाचा, आणि आईला आधी बसवा.

प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, बाहेर, सुखरूप. पण असं केलं तर पाळीत नऊशे झाकणं होतात, आणि कोटा बाराशेचा. मग लोक काय करतात, तर उजवं बटण पाचर ठोकून दाबून ठेवतात. डावा हात बटण दाबतो, मोकळा उजवा पत्रा आत सरकवतो. हात वाचवायला दोन बटणं, पोट भरायला एक. सगळे करतात. वरच्यांना माहीत असतं, आणि कुणी तपासायला आलं की पाचर खिशात जाते.

सात नंबरवर माझ्याआधी सहा वर्षं दादा होता. साध्या लाकडाची पाचर आठवड्यात चिरते. म्हणून दादा एका सुट्टीत घरी आला तेव्हा बाबांची हत्यारांची पेटी उघडून सगळ्यात रुंद पटाशी काढली, आणि तिची शिसवी मूठ अर्ध्यावर करवतीने कापली. बाबांनी ती मूठ स्वतः घडवली होती. आई, तुला त्याने सांगितलं की मुठीला वाळवी लागली होती म्हणून टोक कापून टाकलं. वाळवी नव्हती. मी पायरीवर शेजारी बसलो होतो, त्याने पाचर कशी तासली ते बघत होतो, आणि दादा किती हुशार म्हणून हसत होतो. हा माझा वाटा. तो मी लपवत नाही.

दादा फोरमन झाला, सात नंबर मला मिळाला, पाचरही मिळाली. "जप हिला," म्हणाला, "बाबांचा हात आहे असं समज."

त्या दिवशी पत्रा तिरका अडकला. सरळ करायला उजवा हात आत घातला, आणि सवयीने डाव्याने बटण दाबलं. ते बटण माझ्याच हाताने दाबलं, हे खरं आहे. त्याच हाताने हे लिहितोय. अंगठ्याशेजारची तीन बोटं गेली.

सगळ्यात आधी धावला तो दादा. आपला अंगातला शर्ट काढून माझा हात त्यात गुंडाळला तोही दादाच, गेटपर्यंत खांद्यावर नेलं तोही दादाच. सगळा कारखाना म्हणतो, भाऊ असावा तर असा. पण मी शुद्धीवर होतो. हात गुंडाळण्याआधी त्याने एक काम केलं. बटणातली पाचर उपटली आणि कचऱ्याच्या पिंपात भिरकावली. आधी पाचर, मग मी. हा क्रम मी मेलो तरी विसरणार नाही, म्हणूनच तो मृत्युपत्रात घालतोय.

मग त्याने रिपोर्टात दोन ओळी लिहिल्या. 'दोन्ही बटणे चालू स्थितीत होती. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे इजा झाली.' त्या दोन ओळींनी माझी जन्मभराची दरमहा भरपाई नामंजूर झाली.

दवाखान्यातून सुटल्यावर मी त्याला विचारलं, "दादा, असं का लिहिलंस?"

तो बराकीच्या जिन्यावर बसून बूट पुसत राहिला. "मी खरं लिहिलं तर मला काढतील. मग दोघंही घरी बसू. एकाचा तरी पगार चालू राहू दे."

"एकाचा म्हणजे तुझा."

"मी तुला देईन ना दरमहा."

"किती महिने दिलेस?"

त्याने दोन महिने दिले. तिसऱ्या महिन्यात वहिनींच्या नावावर ढकललं, की ती कुरकुर करते. वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं का? नसेल, तर माडीच्या दाराला आतून कडी लावायचं आणखी एक कारण मिळालं.

आता पाचर कुठे आहे ते सांगतो. आमच्या शॉपमध्ये झाडू मारणारी एक मावशी आहे. तिने त्याच संध्याकाळी पिंप उपसलं. मी कामावर परत आलो तेव्हा एका फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या खिशात सरकवलं आणि म्हणाली, "तुझं सामान पडलं होतं रे बाबा. सांभाळ."

तर बाबांच्या मुठीपासून बनवलेली ही पाचर मी आईला देतो. फ्यूज सुट्टीवर निघालाय, तोच घेऊन येईल. धुतलेली नाही, फडकं सोडताना जपून. आईने बाबांची पेटी उघडावी, ती पटाशी काढावी, आणि उरलेल्या अर्ध्या मुठीला ही पाचर लावून बघावी. खालचं टोक तासलेलं आहे, पण वरच्या बाजूची करवतीची रेघ तशीच आहे. दोन्ही बाजूंच्या लाकडाच्या रेषा एकमेकींशी जुळतील. जुळल्या की तुझ्या मनात येईल ते तू दादाला विचार. मी विचारून दमलो.

कलम सहा. सवलत. फ्यूज म्हणतो, मृत्युपत्रात एक वाट ठेवावी. ठेवतो. एकवीस तारखेला सकाळी साडेदहा वाजता भरपाई कचेरीत माझ्या अपिलाची सुनावणी आहे. त्या दिवशी साहेबांसमोर उभं राहून दादाने दोनच वाक्यं बोलावीत: 'पाचर मी बनवली. पाचर मी काढली.' बोलला, तर कलम एक रद्द, माडी दोघांची, आणि विम्यात त्याचं नाव परत घालीन. त्याची नोकरी गेली तर माझ्या भरपाईतला अर्धा हिस्सा दरमहा त्याचा, आणि तो दोन महिन्यांत आटणार नाही. तो बसला तर मी आहे, हे त्याचंच वाक्य. नाही बोलला, तर सगळी कलमं कायम, आणि माझ्या मयतीला त्याने येऊ नये. आलाच तर लांब उभं राहावं.

हातमोजे मात्र काहीही झालं तरी त्यालाच.

मावशीला सही कर म्हणालो तर ती म्हणाली, "आधी वाचून दाखव, मी कशावर अंगठा देतेय ते." दोनदा वाचून दाखवलं. म्हणाली, "आईला इतकं कडू कशाला लिहितोस?" मी म्हणालो, "मग गोड कसं लिहू, तू सांग." मग तिने शाईच्या डबीत अंगठा बुडवला. दादाला कळलं तर तिचंही काम जाईल, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

हे मी वाचलं, समजलं, आणि खाडाखोड सोडून सगळं खरं आहे. खाली डाव्या हाताची सही. कारखान्याच्या कागदावरच्या सहीशी ती जुळणार नाही. तो हात आता नाही.

साक्षीदार पहिला: फ्यूज, वायरमन, खाट नंबर चार. सही.
साक्षीदार दुसरी: मावशी, प्रेस शॉप, झाडू खातं. अंगठा.
ठिकाण: कामगार बराक, खोली नंबर अकरा. महिन्याचा दुसरा रविवार.

ता. क. आई, पाचर आणि अर्धी मूठ दोन्ही घेऊन एकवीसला तू कचेरीत आलीस, तर साहेबांना माझ्या तोंडाची गरज पडणार नाही, आणि दादाला जमिनीकडे बघायची सोय राहणार नाही. दोघंही तुझेच, हे मला कळतं. सक्ती नाही. यायचं नसेल तर पाचर पेटीत टाक आणि झाकण लाव. मी समजेन. समजेन म्हणजे विसरेन असं नाही. निकाल काहीही लागो, त्या दिवसानंतर मी सात नंबरसमोर उभा राहणार नाही. गाडीचं तिकीट माणशी चारशे साठ. येताना तुझं एक, जाताना आपली दोन. दादाचं मी धरलेलं नाही. त्याने तोंड उघडलं तर त्याचं तिकीट तो काढेल, आपण जागा धरून ठेवू. फ्यूजबरोबर पाठवत असलेली रक्कम तेराशे ऐंशी, अक्षरी एक हजार तीनशे ऐंशी फक्त.