वरून पाणी

३ मे

अर्धा तुकडा गेला! दिला म्हणू की द्यायला लावला म्हणू?

जेवताना मुलगा म्हणाला, आई, सासूबाईंचा दिवस जात नाही, टाकीमागचा तुझा भाजीचा तुकडा त्यांच्याशी वाटून घे ना. सूनबाई ताटात बघत होती — म्हणजे दोघांचं आधीच ठरलेलं. आणि विहीणबाई समोरच बसलेल्या. त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणणार? म्हटलं, घ्या की.

अकरा वर्षं झाली. पाण्याच्या टाकीमागे समितीच्या जमिनीचे चाळीस तुकडे आहेत, घरापुढे अंगण नसलेल्या लोकांसाठी. चौदा नंबर माझा. हे गेले त्या वर्षी मिळाला. त्यातले दगड मी एकटीने बादलीत भरून बाहेर काढलेत. गुडघे तिथेच ठेवून आलेय. आता विहीणबाईंचे यजमान जाऊन तीन महिने झाले, त्या आमच्याकडे राहायला आल्या, म्हणून अर्धी माती त्यांची. माझ्या वेळी मला कोणी काय वाटून दिलं होतं?

६ मे

त्यांनी टोमॅटोची बारा रोपं लावली. शिवणाच्या टेपने अंतर मोजून! तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले, मोजल्याशिवाय हात चालत नाही. रोपं बांधायला कापडाच्या पट्ट्या आणल्या, त्यांनासुद्धा काठ शिवलेले. माझी रोपं मी जुन्या सुतळीने बांधते. शेजारी शेजारी बघवत नाही.

१९ मे

घेवड्यावर मावा. कोवळे शेंडे काळेकुट्ट, वर मुंग्यांची वर्दळ. साबणाचं पाणी मारलं, उरलेला बोटांनी चिरडला. त्यांच्या बाजूला एक किडा नाही. मधल्या वाटेपर्यंत मुंग्या येतात आणि माघारी वळतात. खरंच! मी उभी राहून पाहिलं.

२४ मे

त्या रोज काहीतरी विचारतात. ताई, हे पिवळं पान काढू का? ताई, माती किती खोल उकरायची? मी सांगते. बागेत असल्यावर सांगावंच लागतं. घरी मी माझ्या खोलीत, त्या बाल्कनीत. दोघं कामावर गेली की घरात फक्त फ्रीजचा आवाज.

२ जून

रेडिओवाले म्हणजे शेजारच्या तुकड्यातले, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. त्यांच्याकडे घडीची एक खुर्ची आहे. गेली अकरा वर्षं मी दमले की ते ती उघडून ठेवायचे. आज मी वांग्याचे मान टाकलेले शेंडे खुडत होते (आत अळी शिरली आहे, प्रत्येक शेंड्यात एकेक), पाठ मोडली, वळून बघते तर खुर्चीत विहीणबाई! रेडिओवाले मला म्हणतात कसे, तुम्हाला काय, बसायची सवय नाही.

सवय नाही!

११ जून

रात्रीत गोगलगायींनी कोबीची नऊ रोपं फस्त केली. नुसते देठ उभे. त्यांच्या बाजूला गेल्याच नाहीत. म्हणाल्या, माझी चार रोपं घ्या ना ताई, मला जास्तच झालीत.

नको म्हटलं. नंतर वाटलं, घ्यायला हवी होती. मग वाटलं, मुळीच नको.

१८ जून

त्यांचा पहिला टोमॅटो आज पानात आला. माझे अजून हिरवेच. मुलाने फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाला, काय चव आहे!

अकरा वर्षं तो माझी भाजी खातोय. अकरा वर्षांत मीठ कमी आहे एवढंच काय ते बोलला.

विहीणबाई म्हणाल्या, ताईंनी शिकवलं सगळं. हे ऐकून तर जास्तच झोंबलं. तेवढं तरी माझं मला म्हणू द्यायचं ना.

२० जून

लिहू की नको? इथे नाही तर कुठे लिहिणार.

आज ऊन फार होतं. त्यांनी विचारलं, "ताई, मी मगाने बुडाशी पाणी घालते, ते पुरतं का? की वरून घालू?"

मी म्हटलं, "वरून घाला. संध्याकाळी. झारीने. पानं चांगली न्हाऊ द्या."

टोमॅटोचं पान रात्रभर ओलं राहिलं की करपा रोग येतो. हे इथे पहिल्या वर्षीच सगळ्यांना कळतं. मी स्वतः कितीतरी जणांना सांगितलंय. आणि ते वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं, जणू कोणी वेळ विचारली आणि मी सांगितली.

त्यांनी मान हलवली. बरं म्हणाल्या.

२१ जून

झारी घेऊन आल्या. वरून घातलं. मी वांग्यात वाकून बसले होते.

२७ जून

रोज घालतात. रोज मला विचारतात, बरोबर होतंय ना? मी हो म्हणते. एक पान कोरडं राहू देत नाहीत.

थांबवावं असं दोनदा मनात आलं. एकदा तर तोंडही उघडलं. पण तेवढ्यात रेडिओवाले त्यांच्या झाडांकडे बघून म्हणाले, दृष्ट लागावी अशी झाडं आहेत. मी तोंड मिटलं.

५ जुलै

चार दिवस पाऊस. उघडीप नाही.

७ जुलै

आला. खालच्या पानांवर तेलाचा डाग पडावा तसे तपकिरी ठिपके. पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. त्यांच्या बारापैकी पाच झाडांवर.

आनंद झाला. खोटं कशाला लिहू? छातीत काहीतरी सैल झालं. ते घरी पोहोचेपर्यंत टिकलं.

९ जुलै

माझ्याही टोमॅटोवर! चार झाडं. आणि रेडिओवाल्यांच्या दोन.

मला काय वाटलं होतं, करपा मधली वाट बघून थांबेल? मुंग्या थांबल्या म्हणून?

१० जुलै

समितीचे देखरेखवाले आले. रोगट झाडं दोन दिवसांत उपटून गोणीत भरा म्हणाले, खताच्या खड्ड्यात एक पान जाता कामा नये. मग विहीणबाईंच्या हातातली झारी बघितली. वरून पाणी घालता? कोणी सांगितलं तुम्हाला? रोग पसरवणाऱ्याचा तुकडा काढून घ्यायचा नियम आहे.

मी चार हातांवर उभी होते. एवढंच म्हणायचं होतं — मी सांगितलं. दोन शब्द.

विहीणबाई म्हणाल्या, "कोणी नाही. मला कळत नाही यातलं. माझंच चुकलं. तुकडा ताईंच्या नावावर आहे, त्यांना काही बोलू नका. मी उद्यापासून येणार नाही."

ते नरमले. वहीत काहीतरी खरडलं आणि गेले. रेडिओवाल्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

११ जुलै

बाराही झाडं त्यांनी स्वतः उपटली. शिवलेल्या पट्ट्या एकेक सोडवल्या. धुवायच्या म्हणून पिशवीत घालणार होत्या, मी म्हटलं, नको, रोग असतो त्यात. त्या पाण्यानंतर आज पहिल्यांदा त्यांना खरं ते सांगितलं. पट्ट्याही गोणीत गेल्या.

सूनबाई संध्याकाळी आपल्या आईला म्हणाली, तुला झेपणार नव्हतंच ते. मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेले.

१५ जुलै

अख्खा तुकडा माझा. घेवडा सुधारलाय. वांग्याला कळ्या. रेडिओवाल्यांनी खुर्ची उघडली नाही.

२२ जुलै

विहीणबाई बाल्कनीत बसून असतात. शिवणाचं मशीन त्यांनी विकून टाकलं होतं इकडे येताना, घरात जागा नाही म्हणून. आज कळलं. सूनबाईने दुसऱ्याच कशावरून सांगितलं, बोलता बोलता.

मी विचारलं, बागेत येता का? नुसत्या बसा. म्हणाल्या, नको, उगाच तुमच्या नावाला बट्टा. चेहरा शांत. टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बारा टोमॅटोचा मला हेवा वाटला! मशीन विकून आलेल्या बाईच्या!

२९ जुलै

देखरेखवाल्यांना जाऊन सांगितलं. पाणी वरून घालायला मी सांगितलं, जाणूनबुजून. अकरा वर्षांत तुमच्याबद्दल एक तक्रार नाही, म्हणाले. मी म्हटलं, आता आहे, लिहा. या हंगामानंतर तुकडा राहील की नाही ते समिती ठरवणार.

हे सोपं होतं. परक्या माणसाला सांगणं. घरी आले आणि बाल्कनीच्या दारातून परत फिरले.

२ ऑगस्ट

सांगितलं. दोघी कपडे वाळत घालत होतो. विहीणबाई, ते पाणी मी मुद्दाम वरून घालायला लावलं, तुमची झाडं बघवत नव्हती मला — असं एका दमात.

त्यांनी उशीच्या अभ्र्याला चिमटा लावला.

"ठाऊक आहे मला. वरून पाण्याने करपा येतो हे रेडिओवाल्यांनी मी झारी आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग घालत का राहिलात?"

"तुमचं ऐकलं नसतं, तर तुम्ही सांगायचं थांबवलं असतं. या घरात दिवसभर माझ्याशी दुसरं कोण बोलतं, ताई?"