वाफ्याखालची ऊब

१४ मार्च १९८१, शनिवार

परत बर्फ! काल मी बिनकोटाची फिरत होते आणि आज दार ढकलायला खांदा लावावा लागला. म्हणे वसंत आला!

पण ठरवलंय ते ठरवलंय. मागच्या अंगणात भाजी लावायची. बाबा होते तोवर तिथं त्यांच्या कबुतरांची खुराडी आणि कोळशाचा ढीग. दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. नोव्हेंबरात बाबा गेले, कबुतरं कुणी कुणी नेली, कोळसा थंडीत जळून संपला. उरलं काळं, मोकळं अंगण. आई दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या मोकळ्या जागेकडे बघत बसते. शर्टांच्या कारखान्यानं आमची पाळी निम्मी केलीय, तेव्हा दुपारनंतर मीही तिच्यासमोर नुसती बसून. त्यापेक्षा चार वाफे काढावेत. बघायला काहीतरी हिरवं तरी होईल.

आईला सांगितलं. म्हणाली, "त्या कोळशाच्या चुरीत काय उगवणार, पॉलीन? तुझं डोकं?"

टोमणा मारला! बाबा गेल्यापासूनचा पहिला.

१५ मार्च

एक गंमत. कोळशाचा ढीग होता तिथून घराच्या पायापर्यंत एक लांबट पट्टा आहे. बाकी अंगणभर घोट्याएवढं बर्फ, पट्ट्यावर नावाला नाही. नुसती काळी, ओलसर माती. हातमोजा काढून हात लावला, तर गार नाही! कोंबडी नुकतीच उठून गेली की तिची जागा लागते ना हाताला, तशी.

तिथं ऊन जास्त लागत असणार. नशीब माझं!

१७ मार्च

सेंट पॅट्रिकचा दिवस म्हणजे वाटाणा पेरायचा. आम्ही आयरिश नाही, पण वाटाण्याला काय त्याचं? बोटं बधिर झाली तरी दोन ओळी पेरल्या.

बर्नीकाका कुंपणावर कोपरं टेकून बघत होते. आमचे शेजारी, बाबांचे खाणीतले आयुष्यभराचे जोडीदार. "काय गं, सशांसाठी खाणावळ काढतेस का?" मग त्यांचं पट्ट्याकडे लक्ष गेलं. "इथलं बर्फ तू झाडलंस?"

"नाही. आपोआपच गेलं."

एरवी अर्धा तास पिडल्याशिवाय सोडत नाहीत. आज टोपी पुढे ओढली आणि सरळ आत गेले.

२३ मार्च

बाहेर बादलीत पाणी गोठतंय आणि माझा वाटाणा वर आलाय!! अख्ख्या पेनसिल्व्हेनियात पहिला माझा असणार. फिकट, ताठ, अगदी सरळ ओळीत. आईला हाताला धरून खिडकीशी नेलं. बराच वेळ बघितलं तिनं. मग म्हणाली, "वासिलला आवडेल."

बाबांना आवडला असता, आई. आवडेल नाही.

हे मनातल्या मनात.

२६ मार्च

सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, ओट्यावर बर्फाची भुकटी, आणि आई शाल गुंडाळून टेबलाशी. ओरडलेच मी.

"त्यानं सांगितलं उघडायला."

"कोणी?"

"कोणी म्हणजे? तुझ्या बापानं. तू आत्ता टेकलीस ना, त्याच खुर्चीवर होता. म्हणाला, हवा वाईट आहे, ओल्गा, खिडकी उघड."

मी खुर्चीवरून उठले. खिडकी लावली. आईला कॉफी करून दिली. चौऱ्याहत्तर वर्षं म्हणजे काही कमी नाही. या वयात होतं असं काही काही.

३१ मार्च

डोकं ठणकतंय. कारखान्यात ठीक असते, घरी आले की सुरू. घरकामच सोसत नसणार मला!

३ एप्रिल

मातीत चाळीस-एक गांडुळं दिसली असती तर खूश झाले असते. आजची वेगळी. पट्ट्याच्या कडेनं, जिथं बर्फ सुरू होतं त्या हद्दीवर, शेकड्यांनी बाहेर येऊन मेलेली. मातीतून पळाली आणि थंडीत सापडली. पट्ट्याचा आकार रेघ मारल्यासारखा दिसत होता.

कुंपणावर रॉबिन पक्षी बसले होते. समोर एवढं ताट वाढलेलं, पण एकही खाली उतरला नाही.

सगळी झाडून काढली. आईला दिसायला नकोत.

८ एप्रिल

दोन दिवस उन्हाळा, आज गारा. या वर्षी कशाचा भरवसा नाही.

वाटाण्याचे कोवळे शेंडे खुडून बर्नीकाकांना द्यायला गेले. त्यांनी हातात घेतले, हुंगले, आणि परत दिले.

"हे खाऊ नकोस, पोरी."

"का?"

"तुझ्या अंगणाखाली काय आहे ठाऊक आहे?"

"खाण. या गावात कुणाच्या अंगणाखाली नाही?"

"वरचा बोगदा आहे. मी आणि वासिलनं काढलेला. गावाच्या त्या टोकाला कचऱ्याच्या खड्ड्याला आग लागली होती, आठवतं? ती ह्याच बोगद्यात शिरली."

"ती विझली की! मी शाळेत होते तेव्हा."

"विझली असं सांगितलं त्यांनी." शेंड्यांकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "खायला कोळसा आहे तोवर ती चालत राहते. तिला घाई नसते."

म्हणाले, उद्या सरकारी माणसांना कळवतो. मी त्यांचा हातच धरला. घराबाहेर काढतील! आईला कुठं नेऊ? लग्न होऊन ती ह्याच घरात आली. निदान ईस्टर होऊ द्या म्हटलं. बरेच आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाले, "ईस्टरपर्यंत. पुढे एक दिवस नाही."

शेंडे मी चुलीत टाकले.

१२ एप्रिल

खिडकी आता रोजचीच झाली. झोपताना मी लावते, पहाटे ती उघडते. आज कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, न्यूमोनियानं मरशील. ती म्हणाली, "मग त्याच्याशी भांड. मी काय करू?"

आणि दिसते किती छान! केस विंचरलेले, चर्चला जायचा झगा अंगावर. हे सगळं ज्याच्यासाठी चाललंय तो पाच महिने जमिनीत आहे.

विचारू नये ते विचारलं. "काय बोलता तुम्ही?"

"बोलतो कुठं फारसा! खोकतो. तुला ऐकू येत नाही?"

खाणीतल्या माणसांचा तो खोकला. आधी खोल, छातीच्या तळातून, आणि मागून बारीक शिटीसारखा श्वास. शेवटची कितीतरी वर्षं त्या आवाजावर हे घर झोपायचं आणि उठायचं.

नाही म्हटलं. काही ऐकू येत नाही.

१३ एप्रिल

खोटं बोलले. येतो.

१७ एप्रिल, गुड फ्रायडे

वाटाणा गेला. सकाळी दोन्ही ओळी आडव्या. एक रोप उपटलं तर मुळं पांढरी, मऊ, दोन बोटांत लगदा झाली. थंडीनं गेला असेल म्हणावं, तर थंडी मुळांना कशी शिजवेल?

तरी बटाटे लावले. आजच लावायचे असतात, बाबांची आईसुद्धा आजच लावायची. आता मातीत हात घातला की ऊब नाही लागत. चटका बसतो. दात-ओठ खाऊन लावले. ईस्टरपर्यंत घर आमचं आहे!

२० एप्रिल

काल टोपली चर्चमध्ये आशीर्वादाला नेली. पास्काचा गोल पाव, रंगवलेली अंडी, हॅम, हॉर्सरॅडिशचं किसलेलं तिखट मूळ. सगळं आईनं स्वतः केलं. घरी येऊन तिनं तीन ताटं वाढली. मी तिसऱ्या ताटासमोर मान खाली घालून जेवले.

आज ईस्टर उलटल्यावर बर्फ! अंगणात गेले तर वाफ्यांतून खरोखरीची वाफ निघत होती, आणि वास... घरचा वास. उकडलेल्या बटाट्यांचा. खणून काढले. सालं हातात निसटून आली. आई कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. एक तुकडा उचलून तिनं तोंडात टाकला.

"मीठ हवं," म्हणाली.

मग हसू फुटलं. दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो! आईचं थांबलं, माझं थांबेना. पोटात दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काळं आलं आणि मी तिथंच खाली बसले. वर बघितलं तर कुंपणापलीकडे बर्नीकाका. ते हसत नव्हते.

२१ एप्रिल

शेजारच्या गावातून लिहितेय. बेकरीच्या वरच्या दोन खोल्या.

बर्नीकाकांनी सकाळीच फोन केला. सरकारी खात्याची बाई आली, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली पेटी. अंगणाकडे तिनं नुसतं बघितलं. घरात शिरली, तळघराचं दार उघडलं, आणि पेटीवरचा काटा पार टोकाला जाऊन थरथरायला लागला. "सामान नंतर," ती म्हणाली. "आधी बाहेर. दोघीही. आत्ता."

रस्त्यावर उभं करून तिनं समजावलं. खालच्या आगीचा वायू घरात भरलाय. ना वास, ना रंग. डोकं त्यानंच दुखतं. भासही त्यानंच होतात. "घरात माणसं दिसतात, आवाज येतात. लोक काय काय सांगतात." मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं.

मग तिनं विचारलं, "ती खिडकी उघडी ठेवायचं कुणाला सुचलं? ती बंद असती, तर आज मला फक्त दार फोडायला बोलावलं असतं."

"माझ्या नवऱ्याला," आई म्हणाली.

बाईनं लिहून घेतलं. "ते कुठं आहेत आता?"

"कब्रस्तानात," मी म्हटलं.

तिनं लिहिलेलं खोडलं.

२९ एप्रिल

डोकं हलकं. किती दिवसांनी! आईच्याही गालांवर रंग चढलाय, खालचे गरम पाव आवडीनं खाते. खोकला नाही. तिसरं ताट नाही. सगळं त्या बाईनं सांगितलं तसंच.

आज मात्र पाव खाता खाता म्हणाली, "इथं तो कसा येणार? त्याला पत्ता कुठं ठाऊक."

"आई, तो वायू होता गं."

"असेल." तिनं मांडीवरचा चुरा गोळा केला. "मग वायू आणून दे."

६ मे

घर बंद झालं. सरकारी माणसांनी खिडक्यांवर फळ्या ठोकल्या, पुढच्या दारावरही. मी आत एक चक्कर मारून आले. माणसं तोंडावर मुखवटे लावून मागे उभी, मलाही एक लावायला दिला. कुणीच नव्हतं. कुणी असणार म्हणून मी गेले होते का? मागचं दार मी स्वतः बाहेरून कुलूप लावून बंद केलं. किल्ली माझ्याकडे. बर्नीकाकांचं घर अजून ठीक आहे म्हणतात, पण त्यांनीही सामान बांधायला घेतलंय.

अंगणातला पट्टा रुंद झालाय. त्यावर गवताचं पातं नाही.

११ मे

मे महिन्यात गोठलेलं दव! खिडकीतल्या डब्यात मुळा पेरला होता, तो गेला.

आई पुन्हा बोलेनाशी झालीय. इथल्या खिडकीतून फक्त बेकरीचं धुराडं दिसतं. तेच बघते. पाव तसाच पडून असतो. झोपताना मी पांघरूण घालायला गेले तर म्हणाली, "मला बरं करून तुला काय मिळालं, पॉलीन?" चिडून नाही. खरंच विचारत होती.

१५ मे

कारखान्यातून आले तर आई नाही. साखरेच्या डब्याखाली ठेवलेली घराची किल्ली नाही. गाडी कशी हाकली, देव जाणे.

घराच्या मागच्या पायरीवर होती. गारा पडत होत्या. चर्चचा झगा, किल्ली मुठीत, आणि लहान मुलीसारखी रडत होती. "आत घेत नाही गं मला. कुलूप काढलं मी. पण दार धरून बसलाय. म्हणतो, घरी जा, ओल्गा. हेच तर माझं घर ना?"

कुलूप खरंच उघडं लोंबत होतं. मी ढकललं. खांदा लावला. दार हललं नाही. फटीतून बघितलं, आतली कडी लावलेली होती. खिडक्यांवरच्या फळ्या सगळ्या जागच्या जागी, एक खिळा हललेला नाही.

आईला उठवलं, माझा कोट तिच्या अंगावर घातला. मग दारावर हात ठेवून म्हटलं, "नेते मी तिला, बाबा."